शक्तिमानने झेललेला मुलगा

सोमवारी सकाळी वर्गात शिरताना बाकांमधल्या मोकळ्या जागेत एखादा विद्यार्थी एक हात वर करून स्वतःभोवती गरगर फिरताना दिसला, की आदल्या दिवशी दुपारी वीज गेली नव्हती असे खुशाल समजावे. १९९७ नंतरची काही वर्षे लातूर जिल्ह्यातल्या आम्हा शिक्षकांना हे दृश्य सवयीचे झाले होते. १३ सप्टेंबर १९९७ रोजी दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ ही मालिका सुरू झाली, पुढे तिला रविवारची दुपार मिळाली आणि २००५ पर्यंत ती चालली. घरोघरच्या छपरावरच्या अँटेनाने जे दिसे, तेच सगळ्यांना दिसे. त्यामुळे सोमवारी अख्ख्या वर्गाने एकच भाग पाहिलेला असे; आणि तरीही त्याविषयी दोन जणांचे एकमत नसे.

मुलांचे मत विचारण्याची गरजच नव्हती. पालकांना मालिका बरी वाटे, कारण शेवटी ‘छोटी छोटी मगर मोटी बातें’ या सदरात स्वच्छता, शिस्त, खरे बोलणे यांविषयी शक्तिमान स्वतः सांगे, आणि आईने दहा वेळा सांगितलेले न ऐकणारा मुलगा त्याचे मात्र एकदा सांगितलेले ऐके. शिक्षकांच्या खोलीत मात्र दोन तट होते. एक म्हणे, ही आपल्याकडची विज्ञानकथा आहे, हिचे स्वागत करावे. दुसरा म्हणे, हिच्यात विज्ञान कुठे आहे? नायकाला शक्ती मिळते ती योगसाधनेने आणि पंचमहाभूतांपासून. प्रयोगशाळा, यंत्रे आणि नवे शोध आहेत ते डॉ. जैकाल या दुष्टाकडे! अशातच, शक्तिमान येऊन वाचवील या भरवशावर मुलांनी स्वतःला इजा करून घेतल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या आणि वाद घरांतून बाहेर पडला. मालिकेचे निर्माते आणि नायक मुकेश खन्ना यांनी हा आरोप मान्य केला नाही, पण अशी नक्कल करू नका असे मुलांना पडद्यावरून सांगितले.

इतकी वर्षे लोटल्यावर मला वाटते की त्या वादात कुणीच खोटे बोलत नव्हते. प्रत्येक जण वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देत होता. भाग रंगला का, हा एक प्रश्न. त्यातून चांगले वळण लागते का, हा दुसरा. दाखवले ते घडू शकते का, हा तिसरा. विज्ञानशिक्षकाला हवा असलेला चौथा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नसे. एक अशक्य गोष्ट क्षणभर मान्य केली, तर पुढचे सारे निसर्गाच्या नियमांनी चालते का?

चांगल्या विज्ञानकथेची परीक्षा याच प्रश्नाने होते. एच. जी. वेल्स यांनी १८९७ साली अदृश्य माणसाची कादंबरी लिहिली, तेव्हा शरीराचा अपवर्तनांक हवेइतका झाला तर काय होईल एवढीच कल्पना त्यांनी वाचकाकडे उसनी मागितली. रशियन विज्ञानलेखक याकोव्ह पेरेलमान यांनी नंतर नेमके बोट ठेवले : असा माणूस आंधळा असेल, कारण ज्या डोळ्यातून प्रकाश आरपार जातो, त्याच्या पडद्यावर प्रतिमा उमटणारच नाही. ‘मिस्टर इंडिया’ हा चित्रपट पाहिलेल्या विद्यार्थ्यांना हे सांगून पाहावे, तास संपल्याचे त्यांच्या ध्यानात राहत नाही. पेरेलमान यांनी वेल्स यांची कल्पना खोडून काढली नाही. ती मान्य करूनच त्यांनी पुढचा हिशेब केला.

तसाच हिशेब आपण ‘शक्तिमान’चा करू. तो उडतो आणि त्याच्या अंगात अफाट बळ आहे, एवढे मान्य. आता अशा मालिकांतला नेहमीचा प्रसंग घ्या : उंच इमारतीवरून मूल पडते, नायक वेगाने येतो आणि जमिनीला टेकण्याआधी त्याला वरच्यावर झेलतो. टाळ्या! मूल वाचले का?

पाच मजली इमारत सुमारे १५ मीटर उंच धरू. हवेचा रोध सोडून दिला तर १५ मीटर पडायला १.७५ सेकंद लागतात आणि शेवटी वेग होतो सेकंदाला १७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ६२ किलोमीटर. मुलाला इजा होते ती पडण्याने नव्हे, थांबण्याने. (पडत असताना तर त्याला वजनच जाणवत नाही.) थांबताना किती बल लागेल हे काढायला सूत्रांची गर्दी नको. पडताना गुरुत्वाकर्षणाने १५ मीटरपर्यंत जी ऊर्जा दिली, ती सारी थांबण्याच्या अंतरात काढून घ्यायची आहे. म्हणून पडण्याचे अंतर भागिले थांबण्याचे अंतर, एवढा भागाकार केला की मंदन गुरुत्वत्वरणाच्या किती पट आहे ते मिळते.

शक्तिमान जागेवर उभा आहे आणि झेलताना त्याचे हात ३० सेंटिमीटर खाली जातात असे समजा. १५ भागिले ०.३, म्हणजे ५०. तीस किलोच्या मुलावर दीड टन वजनाइतके बल, तेही दोन हातांच्या अरुंद पट्ट्यावर! शक्तिमानचे हात पोलादी असतील. मुलाचा कणा पोलादी नाही. या मुलाच्या दृष्टीने ते हात आणि जमीन यांत फारसा फरक उरत नाही.

मग काय करावे? मुलांना हाच प्रश्न द्यावा. क्रिकेट खेळणाऱ्या मुलाला उत्तर हातांत ठाऊक असते, फक्त शब्दांत नसते : झेल घेताना हात मागे न्यायचे. नायकाने मुलाच्या जवळ पोचावे, त्याच्याच वेगाने त्याच्यासोबत खाली जावे आणि मग हळूहळू वेग कमी करावा. पहिले १० मीटर मूल एकटे पडले आणि उरलेल्या ५ मीटरांत नायकाने ते थांबवले, तर १० भागिले ५, म्हणजे मंदन गुरुत्वत्वरणाच्या दुप्पट. त्यात मुलाचे स्वतःचे वजन मिळवले तरी त्याला आपले वजन तिप्पट झाल्यासारखे वाटेल, एवढेच. जत्रेतल्या जोरकस पाळण्यात बसल्याइतका हा अनुभव; घाबरेल, पण वाचेल. एकाच भागातल्या एकाच प्रसंगाचे दिग्दर्शकाने थोडे वेगळे चित्रण केले असते, तर नायकाची उडण्याची शक्ती तशीच ठेवूनही तो प्रसंग विज्ञानात बसला असता.

वर्गात हे दाखवायला एक जुनी चादर पुरे. दोघांनी चादर उभी, सैल धरावी आणि खालची कड थोडी वर उचलून झोळी करावी. तिसऱ्याने अंडे जोराने चादरीवर फेकावे, फुटत नाही. हेच अंडे शाळेच्या भिंतीवर फेकले तर काय होते, हे करून दाखवण्याची गरज नाही. अंडे नको असेल तर पाणी भरलेला फुगा घ्यावा. मुलांना थांबण्याचे अंतर मोजायला आणि भागाकार वहीत मांडायला सांगावे.

हा प्रश्न आपल्यालाच पडला असे मात्र नाही. १९७३ साली अमेरिकेत ‘स्पायडरमॅन’च्या चित्रकथेच्या १२१ व्या अंकात पुलावरून पडणाऱ्या ग्वेन स्टेसी या मैत्रिणीला नायक जाळ्याने झेलतो, आणि वर ओढून पाहतो तर ती मेलेली. वाचक हळहळले, चिडले. ती पडण्याने मेली की झेलण्याने, यावर त्यांच्यात वाद झाला. एकदम थांबवल्यामुळे मानेला बसलेला हिसका हे मृत्यूचे कारण असल्याचा खुलासा पुढे संपादकांनी केला. मिनेसोटा विद्यापीठातले भौतिकीचे प्राध्यापक जेम्स काकालिओस हे उदाहरण घेऊन संवेगाचा धडा शिकवत आणि अशाच उदाहरणांवर त्यांनी २००५ साली एक पुस्तकही लिहिले. लेखकाने निसर्गनियमाला मान दिला, म्हणून ती गोष्ट इतकी वर्षे लक्षात राहिली, असे मला वाटते.

त्या गरगर फिरण्याविषयीही दोन शब्द. जमिनीवर उभे राहून फिरायचे तर पायाने जमिनीला पीळ देता येतो. हवेत कशाला देणार? मुख्याध्यापकांच्या खोलीत फिरती खुर्ची असल्यास (आणि ते स्वतः तिच्यावर नसताना) पाय वर घेऊन, टेबलाला न धरता फिरत राहण्याचा प्रयत्न मुलांना करू द्यावा. अंग डावी-उजवीकडे पिळवटते, खुर्ची थोडी इकडे थोडी तिकडे जाते. सतत गरगर फिरणे जमत नाही.

आता राहिला नावाचा वाद. माझे मत असे की ‘शक्तिमान’ ही विज्ञानकथा नाही, ती विज्ञानाचे कपडे घातलेली अद्भुतकथा आहे. आणि अद्भुतकथा असणे हा गुन्हा नाही. वेताळाच्या गोष्टी वाचून कुणी बिघडले नाही. खटकते ते एवढेच, की ज्ञान प्रयोगाने मिळवणारा माणूस तिथे खलनायक आहे. मराठीत याहून वेगळी परंपरा आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ साली ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. नारायण विनायक जगताप या नावाने ती पाठवणारे लेखक प्रत्यक्षात डॉ. जयंत नारळीकर होते. त्यांच्याच ‘धूमकेतू’ या कथेत पृथ्वीवर आदळू पाहणाऱ्या धूमकेतूला शास्त्रज्ञ वाटेवरून हटवतात, आणि त्याच वेळी संकट टळावे म्हणून घरी यज्ञही होतो. संकट टळते. श्रेय कुणाचे, यावर घरातच दोन मते! शक्तिमानविषयीची आमच्या शिक्षकांच्या खोलीतली चर्चा मला पुष्कळदा त्या घरासारखी वाटे.

ही सारी चर्चा एका मुलाने एका वाक्यात संपवली होती. सातवीचा वर्ग, झेलण्याचा भागाकार फळ्यावर होता. त्याने विचारले, “सर, किल्लारीला त्या रात्री शक्तिमान असता तर?” वर्ग गप्प झाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जनाच्या रात्री, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे आठ हजार माणसे गेली. वर्गातल्या काही मुलांच्या घरातलीही त्यांत होती. असा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही, आणि ‘शक्तिमान खोटा असतो’ एवढे सांगून बसवताही येत नाही. मी फळा पुसला आणि म्हणालो, बरे, आहे असे धरू. तो मुंबईत आहे. हिशेब करा.

मुंबईहून किल्लारी सरळ रेषेत सुमारे ४०० किलोमीटर. ध्वनीच्या वेगाने निघाला तरी त्याला वीस मिनिटे लागतील. अडीच मीटर उंचीवरचे छत खाली यायला ०.७ सेकंद लागतो. तेवढ्यात पोचायचे तर वेग हवा सेकंदाला सुमारे ५७० किलोमीटर. हवेत शिरताच पेटणाऱ्या उल्कांचा वेगही सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर असतो. आणि इतके करून तो पोचला, तर कोणत्या एका घरात?

मग मी मुलांना छताचाच हिशेब करायला लावला. या भागातली जुनी घरे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची, वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचे माळवद. उन्हाळ्यात आत गारवा राहावा म्हणून मातीचा थर जाड. तीन मीटर लांब-रुंद खोली आणि अर्धा मीटर माती धरली तर साडेचार घनमीटर, घनमीटरला १.६ टन धरल्यास सात टनांहून जास्त ओझे, झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर. भिंतीतले दगड एकमेकांना बांधलेले नव्हते. जमीन आडवी हलली, भिंती फाकल्या, छत बसले. पुढे पुनर्वसनात भिंतींना चहूबाजूंनी काँक्रीटचे आडवे पट्टे घातले, ते याच कारणाने : पट्टा चार भिंतींना एकत्र धरतो आणि कोपरा उघडू देत नाही. उशाशी पोचायला ०.७ सेकंद कुणालाच पुरणार नाही. पट्टा आधीपासून तिथेच असतो.

त्या मुलाने वहीत खोलीची मापे बदलून घेतली. त्याच्या जुन्या घराची खोली चार मीटरांची होती, म्हणाला. उत्तर आले जवळजवळ १३ टन. त्याने ते दोनदा तपासले आणि वही माझ्यापुढे ठेवली.