ऑईल फिल्टर बसवताना घ्यावयाची दक्षता

मैलापूरच्या कपालीश्वर मंदिराभोवतालच्या रस्त्यांवर दिसणाऱ्या बुलेटचे मद्रासशी नाते जुने आहे. १९५५ मध्ये येथेच ‘एनफील्ड इंडिया’ स्थापन झाली.

ऑईल फिल्टर बदलल्यानंतरची गळती बहुधा घाईमुळे होते. जुनी रबरी रिंग खाचेत चिकटून राहिलेली नाही, याची प्रथम खात्री करावी. जागा स्वच्छ पुसून नव्या रिंगला तेलाचा हात द्यावा. झाकणाचे बोल्ट आळीपाळीने, माहितीपुस्तिकेतील मापानेच आवळावेत. अतिजोराने ॲल्युमिनियममधील आटे जातात. तेल भरून इंजिन दोन मिनिटे चालवावे व नंतर गळती आणि पातळी तपासावी.

तेल चाकावर उडाल्यास वाहन घसरते, संपल्यास इंजिन जाम होते. असा यांत्रिक बिघाड सर्वसाधारण वाहनविम्यात बसत नाही. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.