बाळ-बाळंतीण सुखरूप... पण बाळंतिणीला विचारलं का?

फोन येतो, "वहिनी, झालं बरं का! मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप." मग आपले प्रश्न ठरलेले. वजन किती? नॉर्मल की सिझर? रंग कुणाचा घेतलाय? नाक कुणावर गेलंय? बारसं कधी करताय? पाच मिनिटांत सगळी चौकशी होते आणि फोन ठेवल्यावर लक्षात येतं, जिनं नऊ महिने ओझं वाहिलं तिच्याबद्दल आपण एक अक्षर विचारलेलं नाही. 'सुखरूप' या एका शब्दात तिला आटोपलं!

मी परिचारिका. आधी खेड्यातल्या उपकेंद्रात, नंतर तालुक्याच्या गावी नोकरी केली. आता निवृत्त आहे. पण गल्लीत कुणी बाळंत झालं की बोलावणं येतंच. असंच एका ओळखीच्या घरून आलं. सुनेला नववा दिवस. तिच्या माहेरी आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच केलेलं. सासूबाईंनी मोठ्या हौसेनं डिंकाचे-आळिवाचे लाडू वळले होते, मालिशवाली लावली होती. बाळ गुटगुटीत. मी आपली सवयीप्रमाणे आधी बाळाकडेच वळले. बेंबी बघितली, डोळे बघितले, वजन केलं. चहा झाला. निघताना सहज म्हणून आतल्या खोलीत डोकावले.

खिडकी गच्च बंद. बाजेखाली शेगडी. धुरी आणि शेपाच्या वासाआडून आणखी एक वास येत होता, कुजका. ज्यानं हे काम केलंय त्याला तो वास एकदा कळला की जन्मात विसरत नाही. कपाळाला हात लावला तर चटका बसला. थर्मामीटर १०२ दाखवत होता.

"दूध उतरतंय ना, त्यानं अंग तापतं," सासूबाई म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरून येताना अंग थोडं कोमट होतं, ते खरं आहे. पण नवव्या दिवशी १०२ ताप आणि हुडहुडी म्हणजे दूध नव्हे! पोरीला विचारलं, "अंगावरून जाणाऱ्याला वास येतोय हे कुणाला सांगितलं नाहीस का?" ती म्हणाली, "मावशी, असं कसं सांगायचं? मला वाटलं सगळ्यांना असंच असतं." कापडाच्या घड्या ती रात्री धुऊन, कुणाला दिसू नयेत म्हणून, न्हाणीतल्या दोरीवर साडीखाली वाळत घालत होती. त्या नीट वाळतच नव्हत्या.

त्याच संध्याकाळी तिला जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. वारेचा एक तुकडा आत राहिला होता, त्यात जंतू झाले होते. पिशवी साफ करावी लागली, सलाइनमधून औषधं, दोन बाटल्या रक्त. वाचली. ज्या दवाखान्यात ती बाळंत झाली तिथून तिला दुसऱ्याच दिवशी सकाळी घरी पाठवलं होतं आणि काय झालं तर परत या, हे कुणी सांगितलं नव्हतं. दवाखान्याला दोष आहेच. पण तासभर त्या घरात बसून मी आधी बाळाचं वजन करत होते, हेही मला अजून बोचतं.

मैत्रिणींनो, बाळंतपण म्हणजे बाळ बाहेर आलं की संपलं, असं नाही. पहिले २४ तास सगळ्यात नाजूक, कारण जीवघेणा रक्तस्राव होतो तो बहुतेक तेव्हाच. म्हणून तर साधी प्रसूती झाली तरी ४८ तास दवाखान्यात राहावं म्हणतात. "घरी पाहुणे आलेत, लवकर सोडा" असा हट्ट आपणच धरतो, तो धरू नका. सरकारी दवाखान्यात २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली औषधं, जेवण, घरी पोचवणारी गाडी, सगळं मोफत आहे. घाई कशाला?

आता जरा उघड बोलू, कारण न बोलण्यामुळेच ती पोर मरता मरता वाचली. अंगावरून पहिले तीन-चार दिवस लाल जातं, मग तपकिरी, मग पिवळट-पांढरं, आणि चार ते सहा आठवड्यांत थांबतं. हे सगळं ठीक. पण तासाभरात एक पॅड पूर्ण भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, वास येत असेल, ताप असेल, ओटीपोट दुखत असेल, तर दवाखाना. एक पाय सुजून पोटरी दुखू लागली किंवा धाप लागली तरी दवाखाना. डोकं फुटल्यासारखं दुखतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, तर ती नजर लागलेली नसते. रक्तदाब वाढलेला असू शकतो. गरोदरपणात तो नव्हता म्हणून नंतर वाढत नाही, असं नाही. झटकेसुद्धा येतात.

आणि रडू? तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येतं, ते पुष्कळ जणींना येतं आणि आठ-पंधरा दिवसांत जातंही. पण त्याहून जास्त दिवस ती गप्प-गप्प असेल, बाळाला जवळ घेत नसेल, बाळ झोपलं तरी हिला झोप नसेल, जिवाचं बरंवाईट करायचं बोलत असेल, तर तिला एकटी सोडू नका. "आम्ही नाही का पोरं काढली!" हे वाक्य तर अजिबात नको. हा आजार आहे, त्याला औषध आहे.

जुनं ते सगळं टाकाऊ, असं मी म्हणत नाही. सव्वा महिना विश्रांती ही आपल्या आजी-पणज्यांनी शोधलेली फार शहाणी गोष्ट. ऊसतोडीला गेलेल्या बाईला ती मिळत नाही, तेव्हा तिची किंमत कळते. मालिश करा, लाडू खा. पण लाडवांबरोबर डाळ, पालेभाजी, फळंही खाऊ द्या. "पोट सुटेल, टाके ओले राहतील" म्हणून पाणी तोडायचं हे मात्र चूक. अंगावर पाजणारीला तहान जास्त लागते. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात, पण त्या कपाटात पडून राहतात. आणि बंद खोलीत शेगडी नको म्हणजे नको. कोळशाच्या धुरातला विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. झोपेत माय-लेकरं गेल्याची उदाहरणं आहेत. ऊब हवीच असेल तर बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरा, वरून दोघांवर पांघरूण. कमी वजनाच्या बाळाला तर यासारखं औषध नाही. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७०च्या दशकाच्या शेवटी पेट्या पुरेनात, म्हणून डॉक्टरांनी हे सुरू केलं. आज याला 'कांगारू' पद्धत म्हणतात.

बाळाच्या बाबतीत माझा सगळ्यात मोठा तंटा मधाशी! पहिला पिवळसर चीक हेच बाळाचं पहिलं औषध, आणि तो पिळून टाकून मध चाटवणारी घरं अजून आहेत. मधातून येणारे जंतू वर्षाच्या आतल्या बाळाला घातक ठरू शकतात. सहा महिने अंगावरचं दूध सोडून काही नाही, पाणीही नाही, गुटीही नाही. दूध पुरतंय का याची धास्ती असेल तर लंगोट मोजा. आठवड्याच्या बाळानं दिवसात सहा तरी लंगोट ओले केले, म्हणजे पुरतंय. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतंच, दहा-पंधरा दिवसांत भरून येतं. नाळेला हळद, राख, तेल, पावडर काही लावू नका, कोरडी राहू द्या. पहिली अंघोळ निदान एक दिवस पुढे ढकला. आणि बाळाची छाती सुजलेली दिसली तर आजीबाईंनी ती पिळू नये. आईच्या संप्रेरकांमुळे मुलांनाही होतं, मुलींनाही होतं, आपोआप बसतं. पिळली तर गळू होतं. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पहिल्याच दिवशी कावीळ दिसली किंवा नंतर तळहात-तळपाय पिवळे झाले, तर कोवळ्या उन्हात धरून वेळ घालवू नका. बाळ दूध ओढेनासं झालं, मलूल पडलं, पाय गार लागले किंवा अंग तापलं, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेतंय, छाती आत ओढली जातेय, झटके आले, तर लगेच उचला. १०८ आणि १०२ हे दोन नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

हे ओळखायला डॉक्टरच लागतो असं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत तिथल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. घड्याळ, थर्मामीटर, वजनकाटा आणि थोडी औषधं घेऊन त्या घरोघरी बाळ-बाळंतिणीला बघायला जात. नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली हे 'लॅन्सेट' या नावाजलेल्या साप्ताहिकात छापून आलं, आणि पुढे २०११ पासून देशभरातल्या आशाताईंना हेच काम दिलं गेलं. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. घरी बाळंत झाली असेल तर पहिल्या दिवशीही.

येते, पण आपण तिला ओसरीवर बसवून चहा पाजतो आणि बाळ बाहेर आणून दाखवतो. "आत नको, सोयर आहे." अहो, आतच तर जायचंय तिला! बेचाळिसावा दिवस येईपर्यंत तर घरादाराचा उत्साह संपलेला असतो. त्या दिवशी आठवणीनं बाळंतिणीचं रक्त, रक्तदाब तपासून घ्या. पाळणा लांबवायचं बोलणंही तेव्हाच करून घ्या. अंगावर पाजतेय म्हणून दिवस राहत नाहीत, या भरवशावर कितीजणी फसल्यात!

त्याच घरी तीन वर्षांनी पुन्हा पाळणा हलला. चौथ्या दिवशी गेले. खिडकी उघडी होती, शेगडी अंगणात. दोरीवर भर उन्हात, सगळ्यांना दिसतील अशा, कापडाच्या घड्या वाळत होत्या. बाळाला घ्यायला मी हात पुढे केला तर सासूबाईंनी तो बाजूला सारला. "ते राहू द्या मागनं. आधी हिचा ताप बघा."

बघितला. ९८.४ होता.