ससे गोंडस, सिनेमा नाही

पडद्यावर ससे दिसले की पालक निर्धास्त होतात. तसं होऊ नका! 'वॉटरशिप डाउन' (1978) हा मार्टिन रोझेन यांचा ब्रिटिश अ‍ॅनिमेशनपट. संकटाची चाहूल लागून काही ससे नव्या घराच्या शोधात निघतात. वाटेत एक जण तारेच्या फासात अडकतो, तोंडातून रक्त येतं. मागे राहिलेले बुजवलेल्या बिळांत गुदमरतात. तरी ब्रिटनच्या सेन्सॉरने त्याला 'यू', म्हणजे सर्वांसाठी, असं प्रमाणपत्र दिलं होतं. ते 'पीजी', म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाने बघा, असं व्हायला 2022 उजाडलं!

माझा अत्यंत आवडता सिनेमा, पण चार-पाच वर्षांच्या पोराला दाखवू नका. त्या वयात कथेचा धागा सुटतो आणि तो फास तेवढा डोक्यात बसतो. मृत्यू मुळीच नको, असं नाही. 'लायन किंग'मध्ये छोट्या नायकाचा बाप मुफासा मरतो, पण पाठोपाठ टिमॉन-पुम्बा ही गमतीशीर जोडी येते आणि मुलं सावरतात. इथे ती उसंतच फारशी नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलांसोबत मात्र शेजारी बसून जरूर बघा.

आपल्याकडे आता सिनेमाच्या प्रमाणपत्रात वयानुसार यूए 7+, 13+ आणि 16+ असे गट आहेत. तिकीट काढण्याआधी तेवढं वाचत जा.