गाबाचा उलटा न्याय

गाबा म्हणजे मेंदूला आवर घालणारं रसायन. मोठ्या माणसाच्या मेंदूपुरतं हे खरं आहे. पण १९८९ साली येहेझकेल बेन-आरी आणि सहकाऱ्यांनी जेमतेम काही दिवसांच्या उंदराच्या पिल्लांच्या हिप्पोकॅम्पसचे पातळ काप तपासले, तेव्हा वेगळंच दिसलं. कापातल्या चेतापेशी मधूनच एकदम उसळत. गाबाचे रिसेप्टर बंद पाडणारं बायक्युक्युलीन त्यावर सोडलं. प्रौढ मेंदूत याने फिटसारखा हलकल्लोळ माजतो. इथे उसळणंच थांबलं!

गोम रिसेप्टरमध्ये नव्हती. गाबाचा मुख्य रिसेप्टर हे क्लोराइडचं दार आहे. गाबा चिकटला की ते उघडतं, एवढंच त्याचं काम. क्लोराइड आत शिरणार की बाहेर पडणार, हे पेशीत त्याचा साठा किती आहे यावर ठरतं. कोवळ्या पेशीत एनकेसीसी-१ हा पंप क्लोराइड आत भरत असतो. म्हणून दार उघडताच ऋणभारित क्लोराइड बाहेर पळतं आणि पेशी चेतते. त्यातून कॅल्शियम आत येतं, आणि वाढीला, नवे जोड जुळायला त्याची मदत होते. पुढे केसीसी-२ हा दुसरा पंप जोर धरतो, क्लोराइड बाहेर फेकतो, आणि तोच गाबा पेशीला दाबू लागतो. केसीसी-२ची ही भूमिका फिनलंडमधल्या काय काइला यांच्या गटाने १९९९ मध्ये दाखवली. (जिवंत प्राण्यात गाबा पेशीला चेतवूनही आसपासचा गलका कमी करू शकतो, प्रकरण कापांइतकं सोपं नाही.)

नवजात बाळाच्या झटक्यांवर डॉक्टर सहसा फेनोबार्बिटल देतात. ते हेच दार जास्त वेळ उघडं ठेवतं. पण १९९९ च्या एका चाचणीत निम्म्याहून कमी बाळांचे झटके त्याने आटोक्यात आले. त्यामागे क्लोराइडचा हा उलटा हिशेब असावा, असा अनेकांचा कयास आहे. मग एनकेसीसी-१ रोखणारं बुमेटानाइड जोडीला देऊन पाहिलं. लघवी वाढवणारं हे जुनंच औषध. युरोपातली ती चाचणी मात्र आवरती घ्यावी लागली: गुण येईना आणि काही बाळांची श्रवणशक्ती बाधित झाली. हाच पंप कानाच्या आतल्या भागातही असतो; शिवाय बुमेटानाइड रक्तातून मेंदूत फारसं पोचतच नाही.