जेलवर उमटणारा पेशीचा जबाब

जेल इलेक्ट्रोफोरेसिस म्हणजे विजेच्या ओढीने प्रथिने वेगळी करण्याची रीत. मोठ्या आतड्याच्या कर्करोगपेशी औषधाला कसे उत्तर देतात, हे तिच्यामुळे कळते.   या प्रयोगाला रुग्ण लागत नाही. लागतात त्या बाटलीत पिढ्यान् पिढ्या वाढवलेल्या एचसीटी-116 किंवा एचटी-29 पेशी. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचे पेशीकोठार अशा पेशी देशभरच्या प्रयोगशाळांना पुरवते.

एका बाटलीत औषध घालतात, दुसरी तशीच ठेवतात. मग पेशी फोडून प्रथिने एसडीएस या साबणासारख्या रसायनात उकळतात. त्याने प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि सगळ्यांवर ऋण भार चढतो. वीज लावली की जेलमधून छोटी प्रथिने पुढे पळतात, मोठी मागे रेंगाळतात. लेम्ली यांनी 1970 साली मांडलेली ही पद्धत आजही जवळपास तशीच वापरतात.

इथे गंमत पी-53 या प्रथिनाची. जेलवर ते 53 किलोडाल्टनचे दिसले, म्हणून ते नाव. खरे वजन 44च्या आसपास. प्रोलीन या अमिनो आम्लाच्या भरण्यामुळे ते हळू सरकते. फ्लुओरोयुरॅसिल हे औषध दिल्यावर एचसीटी-116मध्ये पी-53 साठते, पाठोपाठ पेशीचे विभाजन थोपवणारे पी-21 वाढते. एचटी-29मध्ये पी-53चा पट्टा औषधाआधीच ठळक असतो, पण ते उत्परिवर्तित असल्याने त्याचे नेहमीचे काम होत नाही. नुसता पट्टा जाड दिसला म्हणून निष्कर्ष काढणारा इथेच फसतो. पेशी आत्मनाशाकडे वळली का, हे पार्प हे प्रथिन सांगते: 116 किलोडाल्टनचा पट्टा फिका होतो आणि 89चा उमटतो. हे पट्टे प्रतिपिंडांनी ओळखतात. प्रयोगशाळेत त्याला नुसते ‘वेस्टर्न’ म्हणतात.

कोणते प्रथिन बदलले हेच ठाऊक नसेल, तर द्विमितीय जेल कामी येतो. ओ'फॅरेल यांनी 1975 साली आधी विद्युतभारानुसार, मग आकारमानानुसार विभाजन करून ई. कोलायची 1100 प्रथिने एका जेलवर वेगळी केली. बदललेल्या प्रथिनाचा ठिपका कापायचा, ट्रिप्सिन या विकराने तोडायचा, मास स्पेक्ट्रोमीटरने ओळखायचा. पेशीपटलातली तेलकट प्रथिने मात्र या जेलवर नीट येत नाहीत. औषधांचे अनेक ग्राहक-रेणू नेमके तिथेच असतात, त्यामुळे ही उणीव किरकोळ नाही. म्हणून आता बहुतेक ठिकाणी प्रथिनांचे तुकडे थेट मास स्पेक्ट्रोमीटरला देतात, आणि हाती आलेला बदल खरा आहे का हे पडताळायला पुन्हा साधा वेस्टर्नच चालवतात.