वर्णनातून साकारणारे यंत्र

सुतारास कपाट करावयास सांगितले म्हणजे तो आधी कागदावर आकृती काढतो. आकृतीत तीन फळ्या दाखविल्या आणि मागाहून चौथी हवीशी वाटली, तर आकृतीला हात न लावताही ती बसविता येते. कारण कपाट लाकडाचे असते, कागदाचे नव्हे. संगणकाच्या जगात मात्र अशी एक वस्तू आहे, की जिच्या बाबतीत आकृती हेच जणू लाकूड होय. जे उपकरण वर्णनात लिहिले ते तिला मिळते; जे लिहावयाचे राहिले ते तिला मिळत नाही. ह्या वस्तूस आभासी यंत्र असे म्हणतात.

आभासी यंत्र म्हणजे एका खऱ्या संगणकाच्या आत प्रोग्रॅमच्या साहाय्याने उभा केलेला दुसरा संगणक. खऱ्या संगणकास यजमान म्हणतात व त्याच्या आश्रयाने चालणाऱ्या आभासी यंत्रास पाहुणा. एका यजमानाकडे असे अनेक पाहुणे एकाच वेळी राहू शकतात. प्रत्येकास स्वतःचा प्रोसेसर, स्मृती, डिस्क व नेटवर्क कार्ड असल्याचे भासते. कोणत्या पाहुण्यास कोणती उपकरणे मिळावयाची हे एका फाइलीत लिहिलेले असते. तीस कॉन्फिगरेशन फाइल म्हणतात. ह्या पुस्तिकेत तिला वर्णनपत्र म्हटले आहे. वर्णनपत्रातील ओळींमागे कोणते कार्य घडते, आणि त्यांपैकी कन्सोलच्या ओळीस एवढे महत्त्व का, हे येथे पाहावयाचे आहे.

कल्पनेचा उगम

ही कल्पना साठ वर्षांची जुनी आहे. १९६०च्या दशकात संगणक अतिशय महाग असे, व एकाच यंत्रावर अनेकांनी काम कसे करावे हा मोठा प्रश्न होता. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात केंब्रिज येथे आयबीएम कंपनीचे एक वैज्ञानिक केंद्र होते. तेथे १९६४ साली रॉबर्ट क्रीझी व त्यांचे सहकारी ह्यांनी एक निराळा मार्ग धरला. प्रत्येक वापरकर्त्यास संगणकाचा थोडा थोडा वेळ देण्याबरोबरच, आपणांस एक संपूर्ण संगणकच मिळाला आहे असा आभास का निर्माण करू नये, असा त्यांचा विचार होता. त्यातून निर्माण झालेली सीपी-४० ही प्रणाली जानेवारी १९६७ मध्ये नित्य वापरात आली. सिस्टिम/३६० मालिकेतील मॉडेल ४० ह्या यंत्रात खास फेरफार करून ती चालविली जाई. तिच्यात एका वेळी १४ आभासी यंत्रे, प्रत्येकी २५६ किलोबाइट स्मृतीची, राहू शकत. आजच्या मोबाइल फोनने काढलेल्या एका छायाचित्रासही ह्याहून पुष्कळ अधिक जागा लागते. पुढे ह्याच कुळातील व्हीएम/३७० ही प्रणाली २ ऑगस्ट १९७२ रोजी जाहीर झाली.

एक ओळ, एक उपकरण

व्हीएम/३७० मध्ये प्रत्येक आभासी यंत्राची नोंद डिरेक्टरी नावाच्या फाइलीत असे. नोंदीच्या पहिल्या ओळीत यंत्राचे नाव, परवलीचा शब्द, स्मृतीचे प्रमाण आणि अधिकाराचा वर्ग लिहीत. त्यानंतर उपकरणांच्या ओळी येत. नेहमीच्या नोंदीत कन्सोलची ओळ असे: क्रमांक ००९, प्रकार ३२१५. म्हणजे, ह्या यंत्रास ३२१५ जातीचे, टंकलेखन यंत्रासारखे दिसणारे कन्सोल जोडले आहे असे समजावे. मग पत्रे वाचणारे उपकरण, पत्रांना भोके पाडणारे उपकरण व १४०३ जातीचे छपाईयंत्र ह्यांच्या ओळी असत. शेवटी डिस्कच्या ओळीत खऱ्या डिस्कचे नाव, तिच्या कितव्या पट्ट्यापासून आरंभ करावयाचा व किती पट्टे द्यावयाचे हे नोंदविलेले असे. एकाच शेताचे वाफे पाडून ते निरनिराळ्या कुळांना लावून द्यावे, तसाच हा प्रकार होता.

येथे वाचकांच्या मनात शंका येईल, की दहा आभासी यंत्रांच्या नोंदीत दहा छपाईयंत्रे लिहिली, तर तेवढी खरी छपाईयंत्रे आणावयाची कोठून? त्याची आवश्यकता नसे. पाहुण्याने छपाईची आज्ञा दिली की नियंत्रक प्रोग्रॅम ती मध्येच अडवी, मजकूर डिस्कवर साठवून ठेवी, आणि खरे छपाईयंत्र मोकळे झाले म्हणजे तो मजकूर क्रमाने छापून घेई. पाहुण्यास मात्र आपल्या मालकीच्या यंत्रावर तत्काळ छपाई झाली असेच वाटे. आभासी उपकरणांचे सारे रहस्य ह्या अडवण्यात आहे. पाहुणा उपकरणाशी बोलू लागतो, यजमान ते बोलणे वाटेत झेलतो, आणि वर्णनपत्रात पाहून त्याचे काय करावयाचे ते ठरवितो.

आजचे वर्णनपत्र

आज हीच रीत साध्या संगणकांवरही रूढ झाली आहे. २००७ साली लिनक्स ह्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यात, केव्हीएम नावाचा भाग समाविष्ट झाला व कोणताही योग्य प्रोसेसर असलेला लिनक्स संगणक यजमान होऊ शकला. उपकरणांचे सोंग घेण्याचे काम क्यूईएमयू हा प्रोग्रॅम करतो, आणि वर्णनपत्र वाचून त्याप्रमाणे यंत्र उभे करण्याचे काम २००५ साली आरंभ झालेला लिबव्हर्ट हा प्रोग्रॅमसंच करतो. त्याचे वर्णनपत्र एक्सएमएल पद्धतीने लिहितात. मोठ्या डब्यात लहान डबे आणि प्रत्येक डब्यावर नावाची चिठ्ठी, अशी ह्या पद्धतीची मांडणी असते.

समजा, एका ग्रंथालयाची ग्रंथसूची आभासी यंत्रावर ठेवावयाची आहे. वर्णनपत्रात प्रथम यंत्राचे नाव, स्मृती व प्रोसेसरांची संख्या येईल. त्यानंतरच्या उपकरणांच्या डब्यात डिस्कचा डबा असेल. त्यात यजमानावरील एका फाइलीचा पत्ता असतो, कारण पाहुण्यास जी डिस्क वाटते ती यजमानाच्या लेखी बहुधा एक फाइलच असते. क्यूकाऊ-२ ह्या प्रकारची फाइल निवडली, तर ४० गिगाबाइटची म्हणून लिहिलेली डिस्क आरंभी अगदी थोडी जागा घेते व मजकूर भरत जाईल तशी वाढते.

नेटवर्क कार्डाच्या डब्यात त्याचा मॅक पत्ता, म्हणजे ओळखीचा क्रमांक, असतो. ह्या व्यवस्थेत त्याचे पहिले तीन भाग नेहमी ५२, ५४ व ०० असे ठेवतात. एका यंत्राचे वर्णनपत्र उतरून घेऊन दुसरे यंत्र करताना हा क्रमांक बदलावयाचा राहिला, तर एकाच नेटवर्कवर एका नावाची दोन माणसे हजर होतात आणि टपाल कोणास पोचेल ह्याचा भरवसा उरत नाही.

कार्डाचा प्रकारही लिहावा लागतो. एखाद्या खऱ्या कार्डाची हुबेहूब नक्कल मागितली, तर जुन्यातली जुनी ऑपरेटिंग सिस्टिमही ती ओळखते. पण प्रत्येक बारीक हालचालीस यजमानाने मध्ये पडावे लागत असल्याने काम मंदावते. व्हर्टआयओ हा प्रकार लिहिला, तर आपण आभासी आहोत हे पाहुण्यास ठाऊक असते, व दोघे सामाईक स्मृतीत एक यादी ठेवून पुष्कळ कामे एकदम उरकतात. कारकुनास एकेक पुस्तक मागण्यापेक्षा दहा पुस्तकांची चिठ्ठी देणे जसे सोयीचे, तसेच हे आहे.

कन्सोल कशासाठी

खऱ्या संगणकापुढे पडदा व कळफलक असतो. आभासी यंत्रास तो कोठून असणार? एरव्ही त्याच्याशी बोलण्याची वाट नेटवर्कमधून जाते. परंतु ही वाट पाहुण्याच्या आतील व्यवस्थेवर अवलंबून असते. ग्रंथालयाच्या यंत्रावर कोणी नेटवर्कचा पत्ता चुकीचा लिहिला, अथवा बाहेरून येणाऱ्यांस अडविणाऱ्या फायरवॉलमध्ये एक ओळ उलटी पडली, की ती वाट तत्क्षणी बंद होते. यंत्र चालू असते, ग्रंथसूची शाबूत असते. पण चूक ज्या खोलीत आहे त्या खोलीचेच दार आतून लागलेले असते. यंत्र सुरू होताना डिस्कमध्ये दोष आढळून ते मध्येच थांबले, तरीही हीच गत होते, कारण नेटवर्क त्यानंतर सुरू व्हावयाचे असते.

अशा वेळी कन्सोल कामास येते. त्याचा मार्ग पाहुण्याच्या नेटवर्कमधून जात नाही. तो यजमानाकडून थेट यंत्रात उतरतो. कन्सोलचे दोन प्रकार आहेत. एक चित्ररूप, ज्यात पाहुण्याचा संपूर्ण पडदा व्हीएनसीसारख्या पद्धतीने दुसरीकडे दिसतो. दुसरे अक्षररूप, ज्यात जुन्या काळच्या सिरियल तारेची नक्कल करून केवळ अक्षरांची ये-जा होते. अक्षररूप कन्सोल साधे असल्याने मंद जोडणीवरूनही चालते व त्यातील संदेश फाइलीत नोंदवून ठेविता येतात.

दाराची तीन कुलुपे

अक्षररूप कन्सोलची ओळ वर्णनपत्रात लिहिली, तरी अनेकदा पडदा कोरा राहतो व नवशिका गोंधळून जातो. ह्याचे कारण असे, की हे दार तीन ठिकाणी उघडावे लागते. वर्णनपत्रात सिरियल उपकरण लिहिले म्हणजे यजमानाकडील टोक तयार होते. पाहुण्याच्या कर्नलला सुरू होताना ज्या सूचना मिळतात, त्यांत आपले संदेश पहिल्या सिरियल जोडणीवर पाठवावेत असेही लिहावे लागते. लिनक्समध्ये ह्या जोडणीचे नाव टीटीवायएस-शून्य असे आहे. तिसरे म्हणजे, त्या जोडणीवर नाव व परवलीचा शब्द विचारणारा प्रोग्रॅम पाहुण्यात वाट पाहत बसलेला असावा लागतो. पहिले राहिले तर जोडणीच होत नाही. दुसरे राहिले तर यंत्र सुरू होतानाचे संदेश दिसत नाहीत. तिसरे राहिले तर संदेश दिसतात, पण आत प्रवेश मिळत नाही.

ह्यांपैकी दोन कुलुपे पाहुण्याच्या आत आहेत, व आत जाण्याचा मार्ग बंद पडल्यावर ती उघडणे अत्यंत कठीण. म्हणून यंत्र सुस्थितीत असतानाच कन्सोलवरून एकदा प्रवेश करून पाहावा. लिबव्हर्टमध्ये त्यासाठी व्हर्श ह्या आज्ञासाधनाची कन्सोल ही आज्ञा आहे. बाहेर पडण्यासाठी कंट्रोल कळीबरोबर उजवा चौकोनी कंस दाबतात.

दाराची राखण

जे दार संकटात मालकास उपयोगी, तेच उघडे राहिल्यास चोरासही उपयोगी. कन्सोल हाती असणे म्हणजे जवळजवळ खऱ्या यंत्रापुढे बसण्यासारखेच आहे. कन्सोलवर बसलेला मनुष्य यंत्र सुरू होतानाच त्यास अडवून, विशेष काळजी घेतलेली नसेल तर, परवलीच्या शब्दावाचूनही आत शिरू शकतो. व्हीएनसीच्या ओळीत कोणत्या पत्त्यावर ऐकावयाचे हे लिहितात. तेथे १२७.०.०.१ असे लिहिले, तर केवळ यजमानावरूनच पडदा दिसतो; चारही ठिकाणी शून्य लिहिले, तर यजमानापर्यंत पोचू शकणाऱ्या प्रत्येकासाठी दार उघडे होते. तेथे परवलीचा शब्द ठेविता येतो, पण जुन्या व्हीएनसी पद्धतीत त्याची पहिली ८ अक्षरेच विचारात घेतली जातात. म्हणून ह्या शब्दावर विसंबून न राहता सुरक्षित जोडणीतूनच पडदा पाहणे इष्ट.

अक्षररूप कन्सोलमध्ये आणखी एक धोका आहे. कन्सोल सोडून गेल्याने आतील प्रवेश संपत नाही. आधी आलेल्याने निरोप न घेताच जोडणी तोडली, तर मागाहून जोडणी करणारास तोच प्रवेश आयता मिळतो. कन्सोलवरील काम संपताच आतून रीतसर बाहेर पडावे हा नियम ह्यासाठीच आहे.

लिहिलेले आणि न लिहिलेले

चालू यंत्रास काही उपकरणे तशीच जोडता येतात. परंतु ती जोडणी वर्णनपत्रात उतरविली नाही, तर यंत्र पुढच्या वेळी बंद करून सुरू केल्यावर ते उपकरण नाहीसे होते. उलट, वर्णनपत्रात केलेला बदल चालू यंत्रास बहुधा लागू होत नाही. त्यासाठी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे लागते.

जे वर्णनात नाही ते यंत्रात नाही, ह्या नियमासही एक शिकविणारा अपवाद घडला. मे २०१५ मध्ये व्हेनम नावाचा एक दोष उघडकीस आला. क्यूईएमयूमधील फ्लॉपी डिस्कच्या आभासी नियंत्रकात २००४ पासून तो दडून होता, आणि त्यायोगे पाहुण्यास यजमानाच्या घरात घुसण्याची वाट मिळण्याचा संभव होता. व्यवस्थापकाने फ्लॉपी काढून टाकली, तरी दुसऱ्या एका चुकीमुळे नियंत्रकाचा भाग चालूच राही. तेव्हा अनावश्यक उपकरण न लिहिणे हे शहाणपणाचे असले, तरी उपकरणांचे सोंग घेणारा प्रोग्रॅमही वेळोवेळी सुधारून घ्यावा लागतो.

१९७२ मधील डिरेक्टरीतील ००९ क्रमांकाची ओळ आणि आजच्या वर्णनपत्रातील कन्सोलचा डबा ह्यांचे काम एकच आहे: मनुष्यास यंत्राशी बोलता यावे. नेटवर्क चालू असते तोवर तिची आठवण होत नाही. ते बंद पडते त्या दिवशी ग्रंथसूची परत हाती येणार की नाही, हे ती ओळ आधी लिहिलेली होती काय, आतील दोन कुलुपे उघडलेली होती काय, आणि कोणी एकदा तरी ते दार उघडून पाहिले होते काय, ह्यांवर ठरते.