उत्तनचा मराठी माणूस कोणत्या झेंड्याखाली?

२०२५मध्ये मीरा रोडला मराठीसाठी ८ जुलैचा मोर्चा झाला, १८ जुलैला राज ठाकरे यांची सभा झाली, आणि महाराष्ट्र नवनिर्माण सेना पुन्हा पहिल्या पानावर आली. मराठी न बोलण्यावरून दुकानदाराला झालेली मारहाण, त्यावरून पेटलेला वाद हे सगळं वाचकांना पाठ आहे. तेव्हा त्याच मीरा-भाईंदर महापालिकेच्या पश्चिम टोकाला, उत्तनला, होड्या शाकारून किनाऱ्यावर चढवल्या होत्या. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद होती, बोंबील वाळवायचे बांबू रिकामे होते. इथले कोळी बहुतांश ख्रिस्ती. घरात मराठी, चर्चमध्ये मिस्साही मराठीतून. भूमिपुत्र म्हणायचा तर याहून अस्सल कुठे शोधायचा?

शिवसेनेतून फुटून २००६मध्ये निघालेल्या महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या झेंड्यात भगव्याबरोबर निळा आणि हिरवाही होता. २००९मध्ये १३ आमदार आले. २०१२मध्ये नाशिकला ४० नगरसेवक आणि महापौरपद, मुंबईत २८ जागा. मग घसरगुंडी. २०१७मध्ये नाशिकला ५, मुंबईत ७. त्या सातांतले सहा काही महिन्यांत शिवसेनेत गेले. विधानसभेत २०१४ला एक, २०१९ला एक, २०२४ला शून्य. मतं पावणेसहा टक्क्यांवरून दीड टक्क्यावर आली.

धरसोड हे कारण सगळेच देतात, आणि ते खरं आहे. २०१९ला मोदींविरुद्ध सभा, २०२४ला त्यांनाच बिनशर्त पाठिंबा. पण माझ्या मते मोठी चूक २३ जानेवारी २०२० रोजी झाली. त्या दिवशी झेंडा निव्वळ भगवा झाला, पुढे मशिदींवरचे भोंगे हा मुद्दा झाला. हिंदुत्वाच्या बाजारात भाजपचं दुकान आधीच भलं मोठं होतं. तिथे नवं गिऱ्हाईक मिळालं नाही. आणि मराठी ही ज्यांची एकमेव ओळख नाही, पण मातृभाषा आहे, त्या उत्तन-पालीच्या माणसाला या झेंड्यात आपली जागा दिसेना.

शाळेत पहिलीपासून हिंदी शिकवण्याला विरोध रास्तच होता. सरकारला २९ जून २०२५ रोजी माघार घ्यावी लागली, तीही मारहाणीमुळे नव्हे. पण कानाखाली मारून मराठीचा एकही वाचक वाढत नाही. मोर्च्यातला तो जोर धावगी डोंगरावरच्या कचऱ्यासाठी लागायला हवा. शहराचा कचरा तिथे जातो, धूर उत्तनला येतो.

झेंडा कुठलाही असो, मत मागायला दारात येणाऱ्याला उत्तनकरांनी दोनच गोष्टी विचाराव्यात: डंपिंग कधी हलवणार, आणि उत्तन-विरार सागरी सेतू झाला तर आम्ही जाळं कुठे टाकायचं?